'एस्टिमेट' : अंदाज आणि अटकळ



महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तथापि कानी पडलेला प्रत्येक शब्द मनात उतरतोच असे नाही. 'एस्टिमेट' हा असाच एक शब्द. गवंडी, सुतार, मोटार दुरुस्त करणारा कारागीर हे सारे तो नित्य वापरतात. त्याचा अर्थ विचारला असता 'अंदाज' असे उत्तर मिळते. ते चूक नाही. पण पुरेसेही नाही.

लॅटिन भाषेतील 'मोल ठरविणे' या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द आला आहे. आदर या अर्थाचा 'एस्टीम' हा शब्दही त्याच मुळाचा. इंग्रजीत तो नाम आणि क्रियापद अशा दोन्ही प्रकारे येतो. नाम असता अखेरचे अक्षर आखूड, 'मिट' असे उच्चारले जाते. क्रियापद असता 'मेट' असे स्पष्ट. कामाच्या खर्चाचे अंदाजपत्रक, संख्या वा मापाचा अदमास आणि एखाद्याच्या योग्यतेविषयीचे मत, हे त्याचे तीन प्रमुख उपयोग होत. १९५० साली स्थापन झालेल्या संसदेच्या अंदाज समितीच्या इंग्रजी नावातही हाच शब्द आहे.

याच्या शेजारचा शब्द 'गेस', म्हणजे अटकळ. दोहोंतील भेद वर्गात सहज दाखविता येतो. बरणीत चिंचोके भरून ते किती, असे विचारावे. एक मुलगा 'पाचशे' म्हणून मोकळा होतो; ती अटकळ. दुसरी मुलगी एका मुठीतले चिंचोके मोजते, बरणीत अशा किती मुठी मावतील हे ताडते आणि मग संख्या सांगते, तो अंदाज. अंदाजास आधार असतो, अटकळीस नसतो. म्हणून उत्तर ऐकल्यावर 'कशावरून?' हा प्रश्न अवश्य विचारावा.

गणितात या सवयीचे मोल मोठे आहे. ४८ गुणिले २१ हे उदाहरण घ्या. ५० गुणिले २० म्हणजे १,०००. तेव्हा उत्तर हजाराच्या आसपास हवे. खरे उत्तर १,००८. ज्याने आधी अंदाज बांधला, त्याच्या पाटीवर १०८ आले तर त्याची चूक त्यालाच उमगते. शिक्षकाच्या लाल शाईची वाट पाहावी लागत नाही. परंतु 'सुमारे हजार' म्हणणाऱ्या मुलास 'नेमके सांग' म्हणून दटावले, तर ही सवय अंकुरातच खुडली जाते.

अंदाज बदलता येतो, हेही मुलांस कळावे. शेतकऱ्यांच्या मुलांस पैसेवारी ठाऊक असते. प्रथम नजर पैसेवारी, मग सुधारित आणि शेवटी अंतिम. पीक हाती येऊ लागले की पहिला आकडा सुधारला जातो. त्यात कोणास कमीपणा वाटत नाही.

आता त्या शब्दाचा तिसरा अर्थ. शिक्षकही प्रत्येक मुलाच्या योग्यतेचा अंदाज मनाशी बांधत असतो. जूनमध्ये 'मठ्ठ' ठरलेले मूल एप्रिलपर्यंत मठ्ठच मानले गेले, तर तो अंदाज नव्हे, नुसती अटकळ होय. त्याने कोणती ओळ वाचली, कोणते गणित सोडविले, कोठे अडखळले, हे पाहून मत बनवावे आणि नवा आधार मिळताच ते बदलावे. पिकास जो न्याय मिळतो, तो मुलास नाकारू नये.