नदी उजव्या हाताला



दिवाळीचे पाहुणे आपापल्या गावी परतले. पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, आणि बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांच्या पाट्या आल्या आहेत. जबलपुरात पायी हिंडायचे दिवस आले, हे मला दरवर्षी या शिंगाड्यांवरून कळतं. आतापासून होळीपर्यंत ऊन सोसवेल असं असतं. आईवडिलांनी, आजीआजोबांनी लेकराचं बोट धरून घराबाहेर पडावं, असे हे चार महिने.

पुण्यामुंबईकडचे नातेवाईक मला विचारतात, “तुमच्याकडे मुलांना न्यायचं तरी कुठे? समुद्र नाही, किनारा नाही.” माझा नातू पाच वर्षांचा असताना रत्नागिरीला जाऊन आला. परतल्यावर आम्ही त्याला नर्मदेच्या ग्वारीघाटावर नेलं. बराच वेळ तो पाण्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “आजी, आपल्या समुद्राला पलीकडे माणसं आहेत.” खरंच आहेत. समोर गुरुद्वारा दिसतो, नाव अलीकडून पलीकडे जाते, पलीकडचं कुणी हात हलवतं आणि अलीकडचं मूल त्याला उत्तर देतं. त्या दिवसापासून आमच्या घरात नर्मदाकाठाला किनाराच म्हणतात.

नर्मदा म्हटलं की मराठी माणसाच्या मनात आधी परिक्रमा येते. तेराशे किलोमीटर लांबीची नदी, दोन्ही तीरांनी ती पायी चालायची, तीही मुलाबाळांना घेऊन? ते आपल्याच्यानं कसं व्हायचं, असं म्हणून आपण घरी बसतो. पण याच जबलपुरात राहणाऱ्या अमृतलाल वेगड यांनी ती कशी केली, ते आठवून पाहा. ते चित्रकार होते, शांतिनिकेतनात शिकलेले आणि इथे चित्रकला शिकवणारे. 1977 मध्ये, पन्नाशीला टेकलेले असताना, ते जबलपूरहून मंडल्याच्या वाटेनं पहिल्यांदा चालायला निघाले. नोकरी सांभाळून, सुट्ट्या लागतील तसे, तुकड्यातुकड्यांनी ते चालत राहिले. कधी विद्यार्थी बरोबर असत, कधी मित्र, आणि पुढे पत्नीही. 2018 मध्ये ते गेले. ज्या वाटेनं ते पहिल्यांदा चालले, तिचा बराच भाग आज बरगी धरणाच्या पाण्याखाली आहे. त्यांनी ती पाहून, रेखाटून, लिहून ठेवली म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. मला त्यांच्याकडून एक गोष्ट शिकावीशी वाटते. नदी तुकड्यातुकड्यांनी चालली तरी चालते. एका रविवारी अर्धा कोस झाला तरी तो झालाच.

आता आमचा आवडता तुकडा सांगते. लम्हेटा घाटावरून तिलवाऱ्याच्या दिशेनं. असं का, तर परिक्रमेत नदी नेहमी उजव्या हाताला ठेवायची असते, आणि आपल्या उत्तर तीरावर ती उजवीकडे राहायची तर प्रवाहाच्या उलट चालावं लागतं. आमच्या धाकट्या नातीला डावं-उजवं याच वाटेवर कळलं. जेवायचा हात कुठला, तर नदीकडचा.

लम्हेटा घाट दिसायला साधा आहे. पण तिथल्या दगडाचं नाव जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. या घाटावरून त्या थराला लमेटा हेच नाव पडलं. पांढुरका, चुनखडीचा, हाताला खरखरीत लागणारा हा थर आहे. 1828 मध्ये विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपुरात छावणीजवळ काही दगड झालेली हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त केला तोच हा स्लीमन. पुढे 1877 मध्ये रिचर्ड लायडेकर या शास्त्रज्ञानं त्या प्राण्याला टायटनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. भारतात सापडलेली डायनासोरची ही पहिली हाडं. त्या प्राण्यांची अंडीसुद्धा जबलपूरच्या आसपास याच थरात मिळाली आहेत. ज्या मुलाला डायनासोरची सगळी नावं तोंडपाठ आहेत, पण ते सगळे परदेशातच राहत होते असं वाटतं, त्याला इथे आणा आणि त्या खडकावर हात ठेवायला सांगा. आणखी एक गोष्ट दाखवा. आपल्या भागात या पांढुरक्या थरावर काळा कातळ येतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्ह्यानं सह्याद्री घडला, त्याच लाव्ह्याचा हा थर. रायगडाचा कातळ आणि जबलपूरचा कातळ एकाच आगीतून आलेले आहेत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा, चार पिढ्या इथे राहूनही “मूळ गाव कुठलं?” या प्रश्नाला उत्तर देताना मला जे अवघडल्यासारखं व्हायचं, ते कमी झालं.

मुलं दगड गोळा करणारच. आमच्याकडे नियम असा की बघायचा, हातात घ्यायचा, आणि नदीचा दगड नदीपाशीच ठेवायचा. गेल्या वर्षी नातवाला हिरवट रंगाचा, मधोमध पांढरी रेघ असलेला एक गोटा सापडला. तो सोडवेना. शेवटी काठावरच्या अर्जुनाच्या मुळांच्या बेचक्यात त्यानं तो ठेवला, वर वाळकी पानं घातली, आणि पुढे प्रत्येक फेरीत आधी तिकडे धाव.

या दिवसांत वाटेत परिक्रमावासी भेटतात. चातुर्मास संपला की ते निघतात. अंगावर पांढरे कपडे, हातात काठी आणि कमंडलू, पाठीवर वळकटी. त्यांच्यात मराठी माणसं पुष्कळ. साताऱ्याकडच्या एका बाईंनी आमच्या नातीला विचारलं, “कुठून निघालीस गं माये?” ती म्हणाली, “नेपियर टाउनहून.” बाईंनी तिला वाकून नमस्कार केला, परिक्रमावासी एकमेकांना करतात तसाच. पोरीनं पिशवीतले गूळ-शेंगदाणे काढून त्यांच्या ओंजळीत ओतले. घरून निघताना अशी एक वेगळी पुडी जरूर घ्या आणि ती मुलांच्याच हातात द्या.

तिलवाऱ्याला पोचल्यावर थोडं थांबावं. महात्मा गांधींच्या अस्थी 1948 मध्ये इथेच नर्मदेत विसर्जित झाल्या. 1939 चं त्रिपुरी काँग्रेसचं अधिवेशनही याच परिसरात भरलं होतं. अध्यक्ष सुभाषबाबू तेव्हा तापानं फणफणलेले होते. मोठ्या मुलांना एवढं सांगितलं तरी पुढचे प्रश्न ती आपणहून विचारतात.

भेडाघाटाबद्दल मला थोडं कळकळीनं बोलायचं आहे. पाहुणे आले की आपण त्यांना गाडीनं नेतो, धुआंधार धबधब्यापाशी फोटो काढतो, नावेतून संगमरवरी कडे दाखवतो आणि परततो. दोन तासांत भेडाघाट झाला! तिथेही चालावं. पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या देवळात जावं. कलचुरी राजांच्या काळातलं, हजार वर्षांपूर्वीचं हे गोल आवार आहे. त्यातल्या बहुतेक मूर्ती भंगलेल्या आहेत. मुलं विचारतील, कुणी तोडल्या, का तोडल्या. घाईनं उत्तर देऊ नका. आधी एकेका मूर्तीचं वाहन ओळखायला लावा. कुणाला हत्ती सापडेल, कुणाला पक्षी, आणि मग ती तासभर तिथून हलायची नाहीत. खाली उतरून धुआंधारकडे चालत जाताना वाटेत दगड घडवणाऱ्यांची दुकानं लागतात. तिथे विकत घेण्यापेक्षा बघत उभं राहावं. पांढऱ्या भुकटीनं माखलेल्या हातांतून एवढासा हत्ती बाहेर येतो. धबधब्याचा आवाज आधी पायांना कळतो, कानांना मागाहून.

ज्यांच्या घरी फार लहान मूल किंवा गुडघे दुखणारे आजोबा आहेत, त्यांना मदनमहालची टेकडी चालेल. सगळी नाही, निदान तोलशिळेपर्यंत. एका प्रचंड खडकावर दुसरा खडक जेमतेम टेकलेला आहे. 1997 च्या मे महिन्यातल्या पहाटेच्या भूकंपात शहरातली घरं पडली, पण ही शिळा जागची हलली नाही. शहापुरा-पाटणकडे पाहुणे म्हणून जाल तर मटारच्या शेतांच्या बांधानं फिरा. विचारल्याशिवाय एकही शेंग तोडायची नाही, एवढं मुलांना बजावून ठेवा. विचारलं की ओंजळभर मिळतातच.

काळजीचंही सांगायला हवं. घाटाच्या पायऱ्यांवर आणि पाण्यातल्या दगडांवर शेवाळ असतं. वरच्या धरणातून पाणी सोडलं की खाली पातळी चढते, आणि ती गाजावाजा करत चढत नाही. एकदा आम्ही खडकावर बसून थालीपिठं खात होतो. पायाशी ठेवलेल्या चपला तरंगू लागल्या, तेव्हा कळलं. तेव्हापासून डबा उघडायचा तो वर, झाडाखाली. मूल पाण्यात उतरणार असेल तर मोठ्या माणसानं त्याच्या पुढे, खोल पाण्याच्या बाजूला उभं राहायचं. मागे उभं राहून उपयोग नाही. आणि चाल कुणाची धरायची, तर सर्वांत लहानाची. तो मुंग्यांची रांग बघायला बसला, तर सगळ्यांनी बसायचं. आजोबांनाही तेवढाच विसावा मिळतो.

यंदाच्या पावसात नर्मदेला मोठं पाणी आलं होतं. धुआंधारच्या खालची पातळी इतकी चढली की धबधबा दिसेनासाच झाला. पाणी ओसरल्यावर आम्ही लम्हेट्याला गेलो. अर्जुनाचं झाड होतं, मुळांत गाळ भरला होता, आणि रेघेचा तो गोटा नव्हता. नातवानं बोटांनी सगळा गाळ उपसून पाहिला. मग उठून प्रवाहाकडे बघत म्हणाला, “खाली गेला असेल, भेडाघाटाकडे.”

येत्या रविवारी त्याच्या हट्टाखातर नदी डाव्या हाताला ठेवून निघायचं आहे. सकाळी सातला, लम्हेट्याहून.