फोन भरला की रडतो का? डीफ्रॅग, क्लीनर आणि रॅमची गोष्ट

आजचा प्रश्न गडचांदूरहून आलाय. ६४ जीबीचा फोन, त्यात जेमतेम दीड जीबी शिल्लक. भरतीचा फॉर्म भरायचाय, फोटो आणि सही अपलोड करायला गेलं की ब्राउझर मध्येच बंद. दुकानदार म्हणतो नवा घे. मित्र म्हणतो क्लीनर टाक, फोन डीफ्रॅग कर. करू काय?

थांब भाऊ. पैसे खिशातच राहू दे, आधी हे ऐक.

डीफ्रॅग हा शब्द आला जुन्या हार्ड डिस्कमधून. तुमच्या गावातल्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात अजून असा एखादा संगणक घरघरत असेल. त्यात तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, आणि एक बारीक दांडी त्यावर इकडून तिकडे धावते. फाइल सिस्टम ही जागा छोट्या खणांत वाटते, बहुतेक ठिकाणी एक खण ४ केबीचा. फाइली येतात, डिलीट होतात, मधे मधे खण रिकामे होतात. मग नवी मोठी फाइल जिथे जागा मिळेल तिथे तुकड्या-तुकड्यांत बसते. हेच फ्रॅगमेंटेशन. एका तुकड्यापर्यंत पोचायला दांडीला १२ मिलिसेकंद धरा. फाइलचे हजार तुकडे असले तर नुसत्या धावपळीत १२ सेकंद गेले. तुकडे शेजारी-शेजारी आणून ठेवणं म्हणजे डीफ्रॅग. विंडोज हे काम ठरलेल्या वेळापत्रकानं आपोआप करतं, पण त्यासाठी संगणक चालू आणि मोकळा लागतो. गिऱ्हाईक गेलं की बटण बंद, अशा दुकानात ते राहूनच जातं.

फोनमध्ये ना तबकडी, ना दांडी. तिथे फ्लॅश चिप आहे. तुकडा इथला काय नि तिथला काय, पोचायला जवळपास सारखाच वेळ. तुकडे फारच झाले तर थोडा फरक पडतो, पण तुमचा फोन रडतोय तो बहुधा त्यानं नाही.

मग कशानं? गडचांदूरच्या माणसाला सिमेंटचं उदाहरण दिलं की झालं. ओल्या सिमेंटवर बोटानं नाव लिहिता येतं. वाळलं की त्यावर दुसरं नाव लिहिता येत नाही, तो अख्खा तुकडा फोडून नवा ओतावा लागतो. फ्लॅशचं तसंच आहे. लिहायचं छोट्या पानावर, पण पुसायचं झालं तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक. त्यामुळे बदललेली फाइल जुन्या जागी बसत नाही, ती नव्या पानावर जाते आणि जुनं पान कचरा म्हणून पडून राहतं. चिप मागच्या मागे चांगली पानं दुसरीकडे हलवते आणि कचऱ्याचा ब्लॉक पुसून मोकळा करते. या हलवाहलवीला मोकळी जागा लागते. ६४ पैकी दीड जीबी उरली की तुम्ही ‘अपलोड’ दाबलं त्याच क्षणी तिला आधी झाडू मारावा लागतो. अटकतं ते तिथे.

फ्लॅशचा हा स्वभाव ओळखून सॅमसंगने २०१२ मध्ये एफटूएफएस नावाची फाइल सिस्टम आणली. आज बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ती असते. आणि २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ पासून फोन निवांत पडलेला असला की ‘हे खण आता रिकामे’ असं स्वतःच चिपला कळवतो. म्हणून रात्री चार्जिंगला लावलेला फोन खरं तर कामावर असतो. डीफ्रॅगचं ॲप त्यात काही भर घालत नाही. उलट विनाकारण लिहिणं वाढतं, आणि फ्लॅशचा प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो.

आता ‘मेमरी फुल्ल’. आपण रॅमला पण मेमरी म्हणतो, स्टोरेजला पण. सगळा घोळ इथेच होतो राजेहो! रॅम म्हणजे कामाचा ओटा, स्टोरेज म्हणजे कोठी. ओटा भरलेला दिसला तर घाबरायचं कारण नाही. अँड्रॉइड मुद्दाम ॲप तिथे तयार ठेवतो, गरज पडली की स्वतःच काढतो. क्लीनर सगळी ॲप मारतो, मग तीच ॲप पहिल्यापासून उघडायला जास्त वेळ आणि जास्त बॅटरी. ब्राउझर बंद पडतोय तर त्याचे जुने चाळीस टॅब बंद करा, तो खरा उपाय.

आणि ‘८ अधिक ८ जीबी रॅम’ ही जाहिरात? ते दुसरे ८ कोठीतूनच उसने घेतलेले असतात. कोठी भरलेली असेल तर सेटिंगमधून ते बंद करा, तेवढी जागा परत मिळेल.

बाकीची जागा कुठे आहे? व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या दिसतील. फाइल मॅनेजरमध्ये व्हॉट्सॲप व्हिडिओच्या आत ‘सेंट’ नावाचा फोल्डर आहे, तुम्ही पाठवलेल्या व्हिडिओंच्या प्रती तिथे साठतात. आणि गूगल फोटोजमधून डिलीट केलेला फोटो लगेच जात नाही. बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस तो ट्रॅशमध्ये बसतो. ट्रॅश रिकामी करा, पण आधी मार्कशीटचा फोटो त्यात नाही ना ते बघा.

६४ च्या फोनमध्ये सहा-सात जीबी तरी मोकळी ठेवा. जागा केली की लगेच फॉर्मला बसू नका. रात्रभर फोन चार्जिंगला लावा, सकाळी एकदा बंद करून चालू करा, मग भरा.