घडीची सायकल आणि जपानची वाट



व्याख्यानाचे नाव फलकावर वाचून एका गृहस्थांनी आम्हांला दारातच गाठले. ते म्हणाले, "जपानला विमान जाते, तिथे आगगाड्या घड्याळासारख्या धावतात; मग सायकल कशाला?" प्रश्न रास्त आहे, आणि आजचे व्याख्यान म्हणजे त्याचेच उत्तर आहे.

सायकल घेऊन जपानला जाणे ही काही आमची नवी टूम नव्हे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगाची फेरी करावयास सायकलींवर निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली. इराण, युरोप, अमेरिका पालथी घालून ते जपानला पोचले, तेथून कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश करीत १९२८ साली मुंबईस परतले. सुमारे ४४,००० मैलांची ही वाट! त्यांच्यापाशी तारुण्य होते आणि साडेचार वर्षांचा वेळ होता. आम्ही तिघे खडकीकर साठीच्या अलीकडे-पलीकडचे, आणि आमच्यापाशी होते तीन आठवडे. म्हणून आम्ही घडीची सायकल निवडली.

या यंत्राविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याच्या दांड्याला मधोमध बिजागरी असते, हँडल मोडून खाली घेता येते आणि बैठकीची नळी आत सरकते. चाक सोळा किंवा वीस इंची असते. "एवढ्याशा चाकाने पाय दुप्पट मारावे लागत असतील!" असे सर्वांनाच वाटते. हिशेब असा आहे. आपल्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलचे चाक एका फेरीत सव्वासात फुटांहून थोडे अधिक जाते. सोळा इंची चाक सव्वाचार फूटदेखील जेमतेम जाते. ही तूट साखळीच्या चक्रांनी भरून काढलेली असते. पुढचे चक्र मोठे, मागचे लहान. त्यामुळे पायाच्या एका फेऱ्यात चाक अधिक वेळा फिरते. पाय तितकेच मारावे लागतात. लहान चाकाला खड्डा मात्र मोठा लागतो, हे कबूल केले पाहिजे. आणि त्या बाबतीत जपान खडकीपेक्षा सुखाचे आहे, एवढेच सांगून पुढे जातो.

आता मुख्य गोष्ट. जपानी रेल्वेत सायकल फुकट नेता येते. अट एकच: ती सुटी करून किंवा घडी घालून पिशवीत पूर्ण झाकली पाहिजे. लांबी, रुंदी, उंची मिळून अडीच मीटर आणि वजन तीस किलो, ही मर्यादा. चाक, हँडल, बैठक, काही बाहेर डोकावता कामा नये. या रीतीला तिकडे 'रिन्को' म्हणतात. पिशवीत शिरली की सायकल ही सायकल राहत नाही, ती सामान होते. तिचे तेल कोणाच्या कपड्याला लागत नाही, तिचा पायटा कोणाच्या नडगीला लागत नाही. उतारूची सोय आणि सायकलवाल्याचा हक्क यांचा तंटा एका कापडी पिशवीने मिटविला आहे! मोठमोठे कायदे जेथे थकतात, तेथे कधी कधी शिंप्याचे काम पुरते, हे आम्ही तेथे पाहिले.

ओसाकाहून आम्ही पिशव्या घेऊन गाडीने ओनोमिची या बंदराच्या गावी गेलो. तेथून सायकलवाल्यांची प्रसिद्ध वाट निघते, शिमानामी काइदो. ओनोमिची ते शिकोकू बेटावरील इमाबारी, सुमारे सत्तर किलोमीटर. खडकी-लोणावळ्याहून काहीसे अधिक. वाटेत सहा बेटे आहेत. पहिली खाडी होडीने ओलांडायची, पुढे पुलांमागून पूल. ही पुलांची माळ १९९९ साली पुरी झाली. ताताराचा पूल तारांनी तोललेला. त्याचा मधला गाळा ८९० मीटरांचा, आणि तो झाला तेव्हा त्या जातीच्या पुलांत जगात सर्वांत लांब होता. शेवटचा कुरुशिमाचा झुलता पूल तर सुमारे चार किलोमीटरांचा. या पुलांवर मोटारींसाठी रस्ता आहेच, पण सायकलवाल्यासाठी निराळी वाट आहे. पूल उंच, म्हणून त्यावर चढण्याचा रस्ता वळणावळणाचा आणि अगदी बेताच्या चढाचा केला आहे. रस्त्याच्या कडेने निळी रेघ आखली आहे. ती धरून चालावे, वाट चुकत नाही. आम्ही हे सत्तर किलोमीटर दोन दिवसांत केले, आणि पहिल्या चढावर उतरून सायकल हातात धरण्याची वेळ आमच्यापैकी कोणावरही आली नाही.

पुलांविषयी खडकीत बोलताना जपून बोलावे लागते, कारण ही बॉम्बे सॅपर्सची पंढरी आहे. पूल बांधणे आणि प्रसंगी उडवणे, हा ज्यांचा धर्म त्यांचे हे गाव. जपानची सायकल आणि हिंदी सैनिक यांची गाठ पूर्वी निराळ्या रीतीने पडली होती. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौज मलायात उतरली आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. त्या सत्तर दिवसांत हजारो जपानी शिपाई सायकलींवर होते. माघार घेणाऱ्या फौजेचे सॅपर पूल उडवीत; मोटारी अडत, पण शिपाई सायकल खांद्यावर टाकून ओढा ओलांडीत आणि पुन्हा स्वार होत. पुढे काळ फिरला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा जळले. १९४६ साली जपानात जे हिंदी सैन्य गेले त्यात मराठा पलटणीची पहिली बटालियन होती, आणि त्या राष्ट्रकुल सेनेचा तळ कुरे बंदरात होता. ओनोमिची आणि कुरे एकाच हिरोशिमा प्रांतातली. ज्या किनाऱ्यावर आपली माणसे बंदूक घेऊन उतरली, त्याच किनाऱ्यावर आम्ही पिशवीत सायकल घेऊन उतरलो. एका आयुष्याच्या अवधीत एवढे पालटू शकते, हे पाहून आम्हांला मोठा धीर आला.

आता खडकीकडे येऊ. १८६९ सालापासून येथे दारूगोळ्याचा कारखाना आहे. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा सुटे, तो पाहिलेली माणसे या सभेत बसलेली आहेत. आमच्यातल्या एकाची सारी नोकरी सायकलवरच झाली. तो लोंढा आटला. का आटला? घरे लांब गेली. चिंचवडचा माणूस खडकीत आणि खडकीचा हिंजवडीत कामाला जाऊ लागला. एवढे अंतर सायकलला झेपेना आणि रेल्वे दारापर्यंत पोचेना. मधला दीड-दोन मैलांचा तुकडा फटफटीने बळकावला. आणि एकदा फटफटी घेतली की माणूस सगळाच रस्ता तिच्यावर जातो.

जपानी माणसाने हा तुकडा सायकलला परत दिला आहे. आपल्याकडे पुणे-लोणावळा लोकल खडकीला थांबते, आता मेट्रोही थांबते आणि मेट्रोत सायकल नेण्यास मुभा आहे. उणीव आहे ती स्टेशनापासून कामापर्यंतच्या निर्धोक रस्त्याची. घडीची सायकल महाग आहे, हेही खरे. कामगाराला ती परवडेल तेव्हाच ती गावाची होईल. तोवर ती आमच्यासारख्या पेन्शनरांची हौस राहील. पण स्टेशनावर साधी सायकल ठेवण्यास छप्पर आणि कुलपाची जागा, आणि रस्त्याच्या कडेला एक निळी रेघ, यांस किती खर्च येईल? रेघ आखणे सोपे. त्या रेघेवर मोटार उभी न करणे अवघड. पहिले काम पालिकेचे आणि कँटोन्मेंटचे, दुसरे तुमचे-आमचे.

दारातल्या त्या गृहस्थांना आमचे उत्तर हेच. जपान विमानातून दिसतो, आगगाडीतून दिसतो. पण तिथला रस्ता कोणासाठी बांधला आहे, हे सायकलवरूनच कळते. तोच प्रश्न आपल्या रस्त्याला विचारावा, एवढ्यासाठी आम्ही हे व्याख्यान दिले.