कागदाच्या गावी रुग्णनोंदींची परिषद



इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंद, म्हणजे रुग्णाचे आजार, तपासण्या आणि औषधे यांची संगणकावर ठेवलेली सलग नोंद, या विषयावरील परिषदेचे यजमानपद अंजनीकाठच्या या गावाकडे आले, ही एरंडोलच्या दृष्टीने अभिमानाची घटना आहे. परंपरा या गावाला महाभारतातील एकचक्रानगरी मानते. जवळच्या पद्मालयात उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती एकत्र पूजले जातात. आणि बालकवींचे जन्मगाव धरणगाव पूर्वी याच तालुक्यात मोडत असे.

तथापि विस्ताराने सांगण्याजोगा वारसा कागदाचा आहे. जाड देशी कागदासाठी एरंडोलची एके काळी ख्याती होती आणि विसाव्या शतकाच्या आरंभीही हा धंदा येथे थोडाफार तग धरून असल्याचे ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरने नमूद केले आहे. देशी कागद करण्याच्या रीतीत तागाची जुनी पोती आणि दोर चुन्याच्या पाण्यात मुरवून कुटत, वाहत्या पाण्यात धुऊन त्यांचा लगदा करीत, हौदातून चाळणीवर एकेक ताव उचलून वाळवीत आणि खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत, तेव्हा कोठे त्यावर बोरू चाले. हे कष्ट उपसणाऱ्या कागदी कारागिरांची नावे इतिहासाने जपली नाहीत. त्यांचे स्मरण या व्यासपीठावरून करणे हे एरंडोलचे कर्तव्य आहे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुन्या दप्तरांची जी जपणूक करीत आले आहे, तिचे मोल ज्या खानदेशाला कळते, त्याला नोंदीचे महत्त्व नव्याने पटवावे लागत नाही.

आजच्या विषयातील अधिकार विद्वान वक्त्यांचा आहे. स्वागत समितीचे म्हणणे एवढेच, की नोंद रुग्णामागे चालली पाहिजे. एरंडोलचा रुग्ण ग्रामीण रुग्णालयातून जळगावला वा धुळ्याला जातो, ऊसतोडीला गेलेली गरोदर माता परजिल्ह्यात प्रसूत होते, आणि पिशवीतले कागद हरवले की तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये ‘आभा’ हा चौदा अंकी क्रमांक यासाठीच आहे: नोंद जेथे तयार झाली तेथेच राहते आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला दिसते. मात्र अहिराणीत दुखणे सांगणाऱ्या आजीबाईंकडे पाहण्याऐवजी डॉक्टरांची नजर पडद्यावरच खिळली, किंवा संमती म्हणजे काय हे न सांगताच अंगठा घेतला गेला, तर या साधनांचा हेतूच हरपेल. म्हणून टंकलेखनाचा भार कोणी उचलावा आणि संमती कशी समजावून सांगावी, याचा विचार या परिषदेने अवश्य करावा.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत आणि त्याबद्दल स्वागत समिती अंतःकरणपूर्वक क्षमा मागते. गावात मोठी निवासस्थाने नसल्याने काही प्रतिनिधींची सोय शाळेच्या वर्गखोल्यांत, तर काहींची नागरिकांच्या घरी करावी लागली आहे. इंटरनेट मध्येच खंडित होण्याची शक्यता असल्याने सादरीकरणे आधीच संगणकावर उतरवून घेण्यात येत आहेत आणि विजेसाठी जनित्र ठेवले आहे. भोजनातील भरीत, कळण्याची भाकरी आणि शेवभाजी ज्यांना तिखट लागेल, त्यांच्यासाठी वरण-भात वेगळा केला आहे.

मंडप विनामूल्य देणारे व्यावसायिक, धान्य आणि तेल पाठवणारे अडते व व्यापारी, वांगी थेट शेतातून पोहोचवणारे शेतकरी, वर्गणी गोळा करणारे औषधविक्रेते, पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, परिसर स्वच्छ करणारे नगरपरिषदेचे कर्मचारी आणि पाहुण्यांसाठी आपल्या खोल्या रिकाम्या करून देणारी कुटुंबे यांचे समिती शतशः आभार मानते; नाव न लावण्याच्या अटीवर देणगी देणाऱ्यांचे ऋण त्याहून अधिक आहे. पद्मालय दर्शनाची बस उद्या सकाळी सहा वाजता मंडपासमोरून निघेल. इच्छुकांनी आज रात्रीच्या भोजनापूर्वी नोंदणी कक्षात नावे द्यावीत. सर्वांचे एरंडोलनगरीत मनःपूर्वक स्वागत असून, माननीय उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करून परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी स्वागत समितीची नम्र विनंती आहे.