न सांपडलेला शब्द

ग्रंथाच्या शेवटच्या शब्दसूचींत नसलेला शब्द ग्रंथांतही नसावा असें मानणारा वाचक पुष्कळदां फसतो. संगणकांतील डेटाबेसचेंही तसेंच आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्यें मजकुराचा पूर्णशोध घेतांना यंत्र मूळ नोंदी चाळीत नाहीं. तें आपली सूची पाहतें, आणि सूची करतांनाच कांहीं शब्द गाळलेले असतात.

समजा, एखाद्या ग्रंथालयाची इंग्रजी यादी त्यांत आहे. विद्यार्थी चहावरील ग्रंथ 'टी' या शब्दानें शोधतो; उत्तर येतें, एकही नाहीं. 'कॉफी' मात्र तत्काळ सांपडते. कारण, मायआयसॅम या जुन्या धर्तीच्या तक्त्यांची मूळ व्यवस्था ४ हून कमी अक्षरांचे शब्द सूचींत घेतच नाहीं, आणि 'टी' इंग्रजींत ३ अक्षरी आहे. २०१३ सालीं ५.६ या आवृत्तीबरोबर इनोडीबी तक्त्यांतही पूर्णशोध आला; तेथें मर्यादा ३ अक्षरांची. 'दि', 'ऑफ' यांसारखे शब्द दोहोंतही वर्ज्य. शिवाय मायआयसॅमच्या साध्या शोधांत निम्म्या वा अधिक नोंदींत येणारा शब्द जमेस धरला जात नाहीं. म्हणून दोनतीन नोंदींवर परीक्षा घेणारा हमखास गोंधळतो.

उपाय सोपा आहे. अक्षरमर्यादा बदलावी, सर्व्हर पुन्हा सुरू करावा आणि सूची नव्यानें बांधावी. शेवटचें काम राहिलें कीं पहिलीं दोन्ही व्यर्थ जातात.

हें तपासल्यावांचून यंत्राच्या नकारावर विसंबून ग्रंथपालानें विद्यार्थ्यास रिक्तहस्त परत पाठवूं नये. ग्रंथ कदाचित् पाठीमागच्याच कपाटांत असेल.