केंद्र हलवताना



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वान मंडळी बोलत आली आहेत. मी विद्वान नव्हे. माझी शाळा जिनिंगच्या आवारात आणि हमालांच्या अड्ड्यावर भरली. कायदा शिकलो तो कामगारांची प्रकरणे लढवता लढवता. तेव्हा आजचा विषय माझ्यासारख्याने का घ्यावा, असे कोणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. त्याचे उत्तर म्हणून मी माझ्या हातून झालेली एक चूकच आपल्यापुढे ठेवणार आहे.

ज्यांना आपण गावात ‘मतिमंद’ म्हणतो आणि कायदा ज्यांना ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणतो, अशी माणसे २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे पंधरा लाख मोजली गेली. ती लहान असतात तोवर त्यांच्यासाठी निदान काही शाळा तरी आहेत. अठरावे वर्ष लागले की शाळेच्या पटावरून नाव उतरते. मूल मोठे झाले, पण जायचे कुठे?

हा प्रश्न आपल्या वऱ्हाडातच एका माणसाने आयुष्यभर लावून धरला. परतवाड्याजवळ वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी रेल्वे स्थानकांवर आणि बसस्थानकांवर टाकून दिलेली दिव्यांग मुले सांभाळली आणि १२३ मुलांना बाप म्हणून स्वतःचे नाव लावले. बेवारस बालकांसाठीचा कायदा अठराव्या वर्षी दार दाखवतो. शंकरबाबांचे म्हणणे असे, की ज्याची समज अठराव्या वर्षीही सहा वर्षांच्या मुलाएवढी आहे, त्याला वाढदिवसाच्या दिवशी कोणत्या रस्त्यावर सोडायचे? त्यांनी मुले सोडली नाहीत आणि आजीवन पुनर्वसनाच्या कायद्याची मागणीही सोडली नाही. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

ज्यांना आईबाप आहेत, त्यांना अनाथालय नको असते. त्यांना हवी असते सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत जाण्याची एक जागा, जिथे चार सोबती असतील, हाताला काम असेल आणि ज्यामुळे आईला मजुरीला जाता येईल. अशा केंद्रांना बहुधा स्वतःची इमारत नसते. घरमालकाला घर हवे होते, अनुदान अडकते, आणि केंद्र हलवावे लागते. आजचा माझा विषय हा हलवण्याचाच आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एका तालुक्याच्या गावी बाजार समितीमागच्या एका जुन्या वाड्यात असे केंद्र चालत होते. चौदा मोठी माणसे कापसाच्या वाती वळत, कागदी पिशव्या चिकटवीत. त्यांतला एक बत्तीस वर्षांचा तरुण रोज एकटा चालत येई. त्याला घड्याळ कळत नव्हते, अक्षरओळख नव्हती. पण घरापासून वाड्यापर्यंतची वाट पायाखालची होती. पिंपळ, पिठाची गिरणी, मग हमालांचा अड्डा. तिथे त्याला अर्धा कप चहा मिळे, पुढे तो आपला वाड्यात शिरे.

वाडा सोडावा लागला. नवी जागा पाहणाऱ्या समितीत मीही होतो. जागा उत्तम मिळाली. हमरस्त्याला लागून, हवेशीर, पायऱ्यांऐवजी उतार, स्वच्छ संडास. गावापासून तीन किलोमीटर लांब, एवढेच. आम्ही फीत कापली, पेढे वाटले.

आठव्या दिवशी एका हमालाने त्या तरुणाला हाताशी धरून माझ्याकडे आणले. तो रोज वाड्याच्या बंद दाराशी पायरीवर बसत होता आणि पाच वाजता घरी परतत होता. केंद्राला वाटले, तो घरी आहे. घरी वाटले, तो केंद्रात आहे. मी त्याला म्हटले, “अरे, केंद्र तिकडे गेले.” तो म्हणाला, “माहं काम अठीच हाय.” हमाल माझ्याकडे पाहून म्हणाला, “भाऊ, याले नवी जागा दाखोली कोनं?”

मला उत्तर सुचले नाही. तीस वर्षे मी मालकांना एकच प्रश्न विचारत आलो होतो, की कामगाराला विचारले का? तो प्रश्न मला कोणी विचारील असे कधी वाटलेच नव्हते. आम्ही बांधकाम तपासले, भाडे तपासले. त्या चौदा जणांना एकदाही बरोबर नेऊन ‘ही जागा चालेल का’ म्हणून विचारले नाही. त्यांना काय कळणार, असे आम्ही गृहीत धरले. आणि मंडळी, मालक कामगाराविषयी नेमके हेच गृहीत धरतो!

कामगाराचे तास किंवा पाळी बदलायची तर मालकाने २१ दिवस आधी नोटीस द्यावी, अशी अट १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती ठेवली आहे. दिव्यांगांसाठीही २०१६ चा हक्क कायदा आहे. त्याचे पाचवे कलम म्हणते, की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि अमुकच व्यवस्थेत राहण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. चौदावे कलम म्हणते, की पालक नेमला तरी निर्णय त्या व्यक्तीच्या सल्ल्याने घ्यायचा. कायदा एवढे मानतो. मग आमच्या समितीने एक दिवसाचीही नोटीस का दिली नाही?

जागा बदलणे म्हणजे काय, हे तेल्हाऱ्याला सांगायला नको. मेळघाटातील केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा अशा गावांचे पुनर्वसन अकोट-तेल्हारा भागात झाले. पैसे मिळाले, तरी जानेवारी २०१९ मध्ये माणसे परत जंगलाकडे निघाली आणि वनखात्याशी चकमक उडाली. धडधाकट माणसाची ही गत, तर ज्याची सारी आठवण वाटेवरच्या खुणांतच साठलेली आहे, त्याचे काय होत असेल?

कधीकधी तो मरतोही. दक्षिण आफ्रिकेतील गौतेंग प्रांताच्या सरकारने २०१५ साली लाइफ एसिडिमेनी या संस्थेशी असलेला करार मोडला. खर्च वाचेल आणि माणसे समाजात राहतील, अशी कारणे दिली गेली. सतराशेहून अधिक मनोरुग्ण व बौद्धिक दिव्यांग घाईघाईने हलवले गेले, पुष्कळसे तयारी नसलेल्या छोट्या संस्थांकडे. कित्येक नातेवाइकांना आपले माणूस कुठे नेले हेही कळले नाही. १४४ माणसे मेली. २०१८ साली निवृत्त उपसरन्यायाधीश मोसेनेके यांनी लवाद म्हणून कुटुंबांना भरपाई दिली. ‘समाजात राहणे’ हे तत्त्व चांगलेच होते. पण चांगल्या तत्त्वाचा कागद हाती असला म्हणून माणसाला पोत्यासारखे उचलता येत नाही. आणि हमाल तर पोतेसुद्धा जपून ठेवतो!

आमच्या चौदांपैकी पाच जण पहिल्याच महिन्यात यायचे थांबले. मग उशिरा का होईना, आम्ही शिकलो. त्या हमालाने तीन आठवडे तरुणासोबत नवी वाट चालून काढली. आधी हात धरून, मग दहा पावले मागे राहून, मग नाक्यापर्यंतच. वाटेवरच्या चहावाल्याला आणि पंक्चरवाल्याला आम्ही त्याची ओळख करून दिली. वाड्यातला जुना लाकडी बाक नव्या खोलीत नेऊन ठेवला; त्यावर ज्याची त्याची जागा ठरलेली होती, ती तशीच ठेवली. तिघे परत आले. दोन बाया आल्या नाहीत. हमरस्त्यावरून पोरीला एकटी कशी धाडू, हा त्यांच्या आयांचा सवाल होता, आणि तो खोटा नव्हता. एस.टी.त दिव्यांगांना सवलत आहे. पण जिथे गाडी थांबतच नाही, तिथे सवलतीचे काय करायचे?

म्हणून माझे सांगणे थोडकेच आहे. असे केंद्र कुठेही हलणार असेल, तर भाडे ठरवण्याआधी तिथे येणाऱ्यांना ती जागा दाखवा, एकदा नव्हे, दहादा. बोलता येत नसेल त्याचा चेहरा वाचा. आईला तो वाचता येतो. जागा गावातच शोधा, थोडी जुनी असली तरी चालेल. आणि पहिले महिनाभर जो आला नाही, त्याच्या घरी त्याच दिवशी माणूस पाठवा. आमच्याकडे एवढे जरी झाले असते, तरी तो तरुण सात दिवस बंद दाराशी बसला नसता.

शेवटचे काम मात्र समितीचे नाही, आपले आहे. त्याला रस्ता पाठ होता, कारण रस्त्यावरच्या माणसांना तो पाठ होता. उद्या आपल्या दुकानासमोरून असा कोणी नव्या वाटेने जाताना थबकला, तर त्याला हाक मारा. अर्धा कप चहा पुरे आहे. हमालांना तो परवडतो, आपल्यालाही परवडेल.