कॉफीचें झाड आणि शाळेची फी

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



आज तुम्हांस एका परक्या मुलखाची हकीकत सांगणार आहें. पण ऐकतां ऐकतां ती परकी वाटणार नाहीं.

आफ्रिकेंतील टांझानिया देशांत किलिमांजारो नांवाचा मोठा डोंगर आहे. त्याच्या उतारावर चागा लोक शेती करतात. रान थोडेंच, त्यांत केळी, केळीच्या सावलींत कॉफी, आणि गोठ्यांत एखादी गाय. रिवाज असा कीं, कॉफीचा पैसा पुरुषाचा आणि केळीं व दूध बाईचें. हा रिवाज ध्यानांत ठेवा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

काळ्या शेतकऱ्यानें कॉफी लावावी हें गोऱ्या मळेवाल्यांस रुचत नव्हतें. तरी चागांनीं ती लावली, 1925 सालीं आपला संघ काढला, आणि 1933 सालीं त्याचा सहकारी संघ झाला. त्या वेळीं शाळा बहुतेक मिशनऱ्यांच्या, आणि फी रोकड मागत. रोकड आणणारें पीक एकच, तें कॉफी. म्हणून चागा बाप झाडाकडे पाही तेव्हां त्यास मुलाची पाटी दिसे.

सोसायटीचा व्यवहार ऊस घालणाऱ्यास समजावून सांगावा लागत नाहीं. माल घातला कीं पहिला हप्ता. लिलांव झाल्यावर दुसरा. हा मागाहून येणारा पैसा एकरकमी असल्यामुळें फीच्या कामीं येई. हातांत रोज चार पैसे आले तर ते मीठ-मिरचींत जातात. सोसायटींत अडकलेला पैसा मात्र मुलासाठीं शिल्लक राही. शेतकऱ्याच्या हिताची अशी सक्तीची बचत मला तरी फार मोलाची वाटते.

मग घडी विसकटली. 1976 सालीं सरकारनेंच सहकारी संघ मोडले. पुढें 1984 सालीं ते पुन्हां उभे राहिले. 1989 सालीं देशोदेशींचा कॉफीचा करार कोसळला आणि भाव धडाधड उतरले. 1994 पासून खासगी व्यापाऱ्यांस खरेदीची मुभा मिळाली. व्यापारी दारांत रोख देई, हें खरें. पण त्याच्यापाशीं दुसरा हप्ता नसे! कित्येकांनीं जुन्या झाडांची निगा सोडली.

आणि फी? तिनें बाईचें दार ठोठावलें. केळ्यांचे घड डोक्यावर घेऊन बाजारास जाणारी, दूध विकणारी माउली आतां शाळेचा खर्च काढूं लागली. पैसा बापाच्या पिकाचा होता तेव्हां फी हा घरचा मोठा व्यवहार होता. आईच्या टोपलींतून जाऊं लागला तेव्हां त्याची कोणी गणती केली नाहीं. हा अन्याय तिथलाच आहे असें कोणी समजूं नये. फी राहिलेलें मूल वर्गांत कसें मान खालीं घालून बसतें, तें आम्हां मास्तरांस ठाऊक आहे. आणि तें चुकवायला रात्रीं कोण जागतें, हेंही.

सरकारनें 2001 सालीं प्राथमिक शाळांची फी माफ केली आणि 2016 पासून सरकारी दुय्यम शाळांच्या पहिल्या चार इयत्तांचीही. मोठाच भार उतरला. पण गणवेश, वह्या, जेवण यांस माफी नाहीं. शिवाय त्या डोंगरावर लोकांनीं स्वतः वर्गणी काढून पुष्कळ शाळा उभारल्या आहेत, आणि खासगी शाळा फी घेतातच.

आतां भरण्याची रीतही पालटली आहे. 2008 सालापासून तिकडे मोबाइलवरून पैसे धाडण्याची सोय झाली. दारेसलामला नोकरी करणारा थोरला भाऊ तिथूनच धाकट्या बहिणीची फी धाडूं शकतो. त्याच्या स्वतःच्या वेळीं ती बहुधा कॉफीवर भरलेली असते. झाडें अजून आहेत, म्हातारीं झालेलीं. केळीच्या सावलींत उभीं आहेत, आणि ज्यास जमेल तो त्यांची छाटणी करतो.